साडेआठ हजारांचा मिक्सर आणि वीस रुपयांचा सील

आपल्याकडे वस्तू दणकट आहे की नाही हे ठरवायची एक ठरलेली पद्धत आहे. वस्तू दोन्ही हातांनी उचलून बघायची, मग वरून टकटक करायचं, आणि शेवटी दुकानदाराला विचारायचं, "काय हो, टिकेल ना?" दुकानदारही तितक्याच गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "डोळे झाकून घेऊन जा." आता डोळे झाकून घ्यायची वस्तू साडेआठ हजारांना का, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपण इंजिनिअरिंगची मुलं. मशीन्सच्या व्हायव्हात "युनिव्हर्सल मोटर कुठे वापरतात?" या प्रश्नाला "मिक्सरमध्ये, सर" हे उत्तर आपण झोपेतही देतो. पण घरचा मिक्सर वर्षाच्या आत बंद पडला तर तो का पडला हे सांगता येतं का? मला ते शोधावं लागलं, कारण मामला आईच्या मिक्सरचा होता. जे सापडलं ते इथे मांडते आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे कपलरला कपलर आणि बेअरिंगला बेअरिंगच म्हणणार. मराठी सेक्शनच्या संपादकांनी चालवून घ्यावं!

आधी हकिकत, थोडक्यात

आई कराडला डबे देते. अकरा डबे, रोज सकाळी. त्या डब्यांतूनच माझ्या मेसचं बिल निघतं. तिचा जुना मिक्सर १९९८ सालचा होता. दोनदा मोटर भरून आणली तरी चालू होता, पण त्याचे जार बाजारात मिळेनासे झाले. म्हणून गेल्या पाडव्याला तिने भिशीचे पैसे घालून नवा घेतला. ७५० वॅट, काचेसारखं चकचकीत टच पॅनेल, निळा दिवा, दोन वर्षांची वॉरंटी. किंमत साडेआठ हजार.

गणपतीत कपलर गेला. दसऱ्याला मोठा जार खालून गळायला लागला. दिवाळीत चकलीची भाजणी राहिली बाजूलाच, नुसतं ओलं खोबरं वाटतानाही यंत्र दर तीन मिनिटांनी बंद पडायला लागलं आणि स्वयंपाकघरात जळका वास यायला लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर तिथल्या माणसाने आईला विचारलं, "ताई, रोज किती वाटण करता?" आईने सरळ सांगितलं, डबे करते म्हणून. झालं! "मग हा कमर्शियल यूज झाला. वॉरंटीत बसत नाही."

आईला वाईट वाटलं ते पैशांचं, पण त्याहून जास्त त्या शब्दाचं. "अगं, कमर्शियल म्हणजे हॉटेल ना? मी हॉटेल आहे का?" असं ती फोनवर म्हणाली. मी तिला सांगितलं, नकार लेखी घे. लेखी मिळाल्यावर मिक्सर हॉस्टेलवर आणला आणि आमच्या मशीन लॅबमध्ये, लॅबच्या काकांच्या देखरेखीखाली, तो उघडला.

मिक्सरला वेगळी मोटर का लागते?

पंख्यात, पंपात जी इंडक्शन मोटर असते ती मिक्सरला चालत नाही. तिचा सिंक्रोनस वेग म्हणजे १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोलची संख्या. आपल्याकडे फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आणि कमीत कमी पोल दोन, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या ही कमाल मर्यादा. मिक्सरच्या पात्याला याच्या कितीतरी पट वेग लागतो. म्हणून तिथे सीरिज वाइंडिंगची युनिव्हर्सल मोटर बसवतात. तिच्यात फील्ड आणि आर्मेचर यांच्यातून एकच करंट जातो. एसीमध्ये करंटची दिशा बदलली की दोन्हीकडे एकदम बदलते, त्यामुळे टॉर्कची दिशा तीच राहते. रिकामी फिरवली तर ही मोटर १८-२० हजार आरपीएमपर्यंत सहज जाते. लोड आला की वेग उतरतो, करंट वाढतो आणि टॉर्कही वाढतो.

हा गुण भारतीय स्वयंपाकघरासाठी वरदान आहे. हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली उडीद डाळ या गोष्टी फळांचा रस काढायला बनवलेल्या परदेशी यंत्राला झेपत नाहीत. १९६३ च्या सुमाराचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच जळला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी भारतीय वाटणाला टिकेल अशी मोटर बनवायला घेतली आणि त्यातून पुढे 'सुमीत' मिक्सर आला. म्हणजे आपल्या मिक्सरचा जन्मच मुळी "हा टिकत नाही" या तक्रारीतून झालेला आहे!

पण या मोटरची दुसरी बाजूही बघा. वेग प्रचंड, ब्रश घासतात, ठिणग्या उडतात आणि घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. त्यामुळे ती सतत चालवायची नसते. आईच्या मिक्सरच्या पाटीवर लिहिलं आहे : '३० मिनिटे रेटिंग, ५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद'. ही ओळ बहुतेक लोक कधीच वाचत नाहीत. आणि पाटीवरचे ७५० वॅट म्हणजे मोटर भिंतीतून जी पॉवर घेते ती, पात्याला देते ती नव्हे. हजार वॅटचा मिक्सर सातशे पन्नासवाल्यापेक्षा चांगला दळेलच असं नाही. कदाचित तो फक्त जास्त तापेल.

कपलर : प्लॅस्टिकचा म्हणून वाईट?

पहिला बळी कपलरचा. जारच्या खालचा आणि मोटरच्या वरचा असे दोन कपलर एकमेकांत बसतात. ते प्लॅस्टिकचे किंवा रबराचे असतात हे पाहून सगळे नाक मुरडतात. "एवढे पैसे घेऊन प्लॅस्टिक?" माझ्या मते इथे कंपनीवर थोडा अन्याय होतो.

कपलर मुद्दाम नरम ठेवतात. जारमध्ये चुकून चमचा राहिला किंवा खडा अडकला आणि पातं एकदम थांबलं, तर काहीतरी तुटणारच. ते काहीतरी स्वस्त आणि बदलायला सोपं असावं. घरातल्या फ्यूजने वायरिंगसाठी मरायचं असतं, तसं कपलरने मोटरच्या शाफ्टसाठी मरायचं असतं. लोखंडी कपलर बसवला तर तो राहील आणि शाफ्ट किंवा पात्याचा दांडा वाकेल.

मग आईच्या कपलरबद्दल तक्रार काय? थोडं गणित करू. ७५० वॅटपैकी निम्मी पॉवर शाफ्टला मिळते असं धरा, म्हणजे ३७५ वॅट. लोडवर वेग १०,००० आरपीएम धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे १०४७ रेडियन. पॉवर भागिले वेग, टॉर्क आला सुमारे ०.३६ न्यूटन मीटर. कपलरच्या दात्यांची मध्यापासूनची त्रिज्या दीड सेंटिमीटर. म्हणजे दात्यांवर एकूण बल सुमारे २४ न्यूटन, अडीच किलो वजनाइतकं. हे काहीच नाही. साधा नायलॉनचा दातासुद्धा हे सहज सोसेल.

खरा मार बसतो तो चालू करताना. तेव्हा मोटर थांबलेली असते आणि करंट चालू स्थितीच्या काही पट असतो. सीरिज मोटरमध्ये टॉर्क करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तिप्पट करंट म्हणजे कागदावर नऊपट टॉर्क. प्रत्यक्षात लोखंड सॅच्युरेट होतं म्हणून तितका नाही, पण काही पट नक्कीच. त्यातच दोन कपलरमध्ये फट असेल तर मोटरचा दाता आधी मोकळा फिरतो आणि मग जारच्या दात्यावर जाऊन आदळतो. म्हणजे प्रत्येक स्टार्टला एक हातोडा! दाता झिजला की फट वाढते आणि फट वाढली की हातोडा जोरात बसतो.

आईच्या यंत्रात जार ज्या खाचेत बसतो ती खाचच ढिली होती. नव्या कपलरनंतरही जार हाताने हलवला तर दोन-तीन मिलिमीटर डुलत होता. जारचा अक्ष आणि मोटरचा अक्ष एका रेषेत नसतील तर कपलर कसलाही घाला, तो झिजणारच. कपलर हे तिथे दुखणं नव्हतं, लक्षण होतं.

सील, बुश आणि खाली टपकणारं काळं पाणी

आता लेखाच्या नावातला सील. जारच्या तळाला मध्यभागी एक बुश असतो, त्यातून पात्याचा दांडा जातो. वाटणाचं पाणी त्या दांड्यालगत खाली उतरू नये म्हणून वर रबरी सील असतो. चांगल्या सीलला दोन ओठ असतात. एक आतलं पाणी अडवतो, दुसरा बुशमधलं वंगण बाहेर जाऊ देत नाही. आमच्या जारमध्ये एकच ओठ होता आणि तोही दुमडलेला. जार डुलत असल्यामुळे दांडा एका बाजूला घासत होता, बुशचं भोक लंबगोल झालं होतं, आणि मग सील तरी कशाकशाला पुरणार! तसाच सील बाजारात सुटा वीस रुपयांना मिळाला.

इथून पुढे जे घडतं ते नीट बघा, कारण 'बिल्ड क्वालिटी' म्हणजे काय ते इथे कळतं.

सील गळला, की मीठ-मसाल्याचं पाणी कपलरच्या वाटीत साचतं. चांगल्या यंत्रात त्या वाटीला निचऱ्याचं भोक असतं आणि पाणी नळीवाटे यंत्राखाली ओट्यावर पडतं. शिवाय शाफ्टभोवती उंच कडं असतं, म्हणजे पाणी शाफ्टकडे सरकत नाही. आमच्या यंत्रात कडं होतं जेमतेम दोन मिलिमीटरचं, आणि निचऱ्याचं भोक शाफ्टच्या पातळीपेक्षा वर! ते पाणी जाणार कुठे? सरळ शाफ्टवरून वरच्या बेअरिंगमध्ये. बेअरिंगमधलं वंगण धुऊन निघालं, त्यात मीठ गेलं, गंज चढला. घर्षण वाढलं म्हणून मोटर जास्त करंट घ्यायला लागली. करंट वाढला की उष्णता वाढते, तीही करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. आणि उष्णता शेवटी वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर जाऊन बसते.

म्हणजे गणपतीतला कपलर, दसऱ्याचा जार आणि दिवाळीतला जळका वास ही तीन वेगवेगळी दुखणी नव्हतीच. ती एकाच दुखण्याची तीन स्टेशनं होती. सर्व्हिस सेंटरने मात्र पहिल्या दोन वेळेला फक्त पार्ट बदलून दिला आणि "झालं काम" म्हणून सांगितलं.

तांब्यासारखं दिसणारं सगळं तांबं नसतं

मोटर बाहेर काढल्यावर वाइंडिंग छान लालसर दिसलं. लॅबच्या काकांनी मात्र चष्मा वर केला आणि म्हणाले, "पोरी, जरा ब्लेडने खरवड." फील्ड कॉइलच्या टोकाची तार खरवडली तर आतून चंदेरी! वरचं इनॅमल लाल रंगाचं होतं, आत ॲल्युमिनियम.

ॲल्युमिनियम वापरणं हा गुन्हा नाही. आपल्या हाय टेन्शन लाइन्स ॲल्युमिनियमच्याच असतात, कितीतरी ट्रान्सफॉर्मरही त्याचेच असतात. पण ॲल्युमिनियमची कंडक्टिव्हिटी तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. तेवढाच रेझिस्टन्स हवा असेल तर तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ १.६ पट घ्यावं लागतं. जाड तारेला जागा जास्त, म्हणजे मोटर मोठी. मोटर तेवढीच ठेवून फक्त धातू बदलला तर लॉस वाढणार आणि यंत्र जास्त तापणार. शिवाय ॲल्युमिनियमवर पटकन ऑक्साइड चढतं, त्यामुळे सांधे नीट केले नाहीत तर तिथेही तापतं. खोक्यावर 'हेवी ड्युटी मोटर' लिहिलं होतं, 'तांबं' कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणजे खोटं काही नाही, फक्त खरं सांगितलं नाही!

मग टेंपरेचर मोजलं. वाइंडिंगच्या आत थर्मामीटर घालता येत नाही, पण दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमधली रेझिस्टन्स मेथड आठवा. धातू तापला की रेझिस्टन्स ठरावीक प्रमाणात वाढतो. गरम रेझिस्टन्स भागिले थंड रेझिस्टन्स बरोबर, दोन्ही तापमानांत एक स्थिरांक मिळवून आलेल्या संख्यांचं गुणोत्तर. तांब्यासाठी तो स्थिरांक २३५, ॲल्युमिनियमसाठी २२५. थंड असताना, २७ अंशांना, फील्डचा रेझिस्टन्स ४.० ओहम आला. मग भिजवलेली हरभरा डाळ घालून पाटीवर लिहिल्याप्रमाणे बरोबर पाच मिनिटं चालवला (लॅबमध्ये पुरणाचा वास आणि दारात पाच-सहा इच्छुक पाहुणे!) आणि बंद केल्यावर लगेच मोजलं. ५.६ ओहम.

गुणोत्तर १.४. २७ अधिक २२५ म्हणजे २५२, त्याची १.४ पट ३५२.८, वजा २२५. उत्तर सुमारे १२८ अंश सेल्सिअस. आणि हे सरासरी तापमान, कॉइलच्या पोटात त्याहून जास्तच. इन्सुलेशनचे वर्ग ठरलेले आहेत : क्लास ई १२० अंशांपर्यंत, बी १३०, एफ १५५. आमच्या पाटीवर वर्गच लिहिलेला नाही. ई असेल तर मर्यादा ओलांडली, बी असेल तर काठावर. आता हीच गोष्ट लॅबऐवजी एप्रिलमधल्या कराडच्या स्वयंपाकघरात, गॅसशेजारी करा. तिथे हवाच ४० अंश. सगळे आकडे आणखी तेरा अंशांनी वर.

इन्सुलेशनबद्दल एक जुना, ढोबळ पण कामाचा नियम आहे. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणजे वीस अंश जास्त तापणारी मोटर पाव आयुष्य जगते. त्यामुळे दहा वर्षांची मोटर अडीच वर्षांत जाते. वॉरंटी किती आहे? दोन वर्षं. हिशोब ज्याचा त्याने करावा.

निदान ओव्हरलोड प्रोटेक्टर तरी इमानदार निघाला. यंत्राच्या तळाला जे छोटं बटण असतं ते. करंट फार वाढला की तो सर्किट तोडतो. आई "सारखा बंद पडतो" म्हणून ज्याला नावं ठेवत होती, त्यानेच मोटर आजवर वाचवली होती. ते बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागणं म्हणजे यंत्र मदतीसाठी हाक मारतंय असं समजा.

मग साडेआठ हजार गेले कुठे?

टच पॅनेलमध्ये, निळ्या दिव्यात, चकचकीत बॉडीत, जाहिरातीत. जुन्या मिक्सरमध्ये वेग बदलायला फील्ड वाइंडिंगला दोन-तीन टॅप आणि एक फिरकीचा स्विच असायचा. बिघडला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक तासाभरात बदलून द्यायचा. नव्यात ते काम एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो, आणि तोही तापणाऱ्या मोटरच्या डोक्यावर, ओल्या हाताखाली. तो गेला तर दुरुस्ती नाही, पूर्ण बोर्डच बदला. बॉडीचे स्क्रू सरळ प्लॅस्टिकमध्ये घुसवलेले आहेत. दोनदा उघडले की तिसऱ्यांदा पकडत नाहीत. म्हणजे यंत्र जोडताना फक्त कारखान्याचा विचार झाला, उघडणाऱ्याचा नाही.

आता "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांनाही एक टोला. १९९८ चा आमचा मिक्सर टिकला म्हणून त्या काळचे सगळे टिकले असं नाही. जे दोन वर्षांत गेले ते भंगारात गेले, ते आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला फक्त टिकलेले दिसतात. तसंच, प्रत्येक बिघाडामागे कट असतो असंही नाही. कट होऊ शकतो हे खरं. १९२४ मध्ये बल्ब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा संघ स्थापन करून बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणलं होतं. पण आमच्या मिक्सरच्या बाबतीत मला कट दिसला नाही. दिसल्या त्या चार-पाच छोट्या काटकसरी : सीलचा एक ओठ, कड्याची उंची, खाचेची फिटिंग, तारेचा धातू. प्रत्येक काटकसर एकेकटी क्षम्य आहे. पण त्या सगळ्या एकाच रांगेत उभ्या राहिल्या, आणि रांगेच्या शेवटी मोटर होती.

आणि 'कमर्शियल'चं काय?

मोटरला डबा विकला की घरी खाल्ला हे कळत नाही, तिला फक्त अँपिअर कळतात. आईचं रोजचं वाटण मी मोजलं. सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं, मध्ये मध्ये थांबून. पाटीवरच्या तीस मिनिटांच्या निम्म्याहून कमी. दहा-बारा माणसांच्या एकत्र कुटुंबात याहून कमी चालत नाही. मग एकत्र कुटुंबाची वॉरंटीही रद्द करणार का?

कायद्यातही एक महत्त्वाची गोष्ट आहे, जी आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'ग्राहक' या शब्दाच्या व्याख्येतून व्यापारी हेतूने घेतलेली खरेदी वगळली आहे. पण तिथेच स्पष्ट केलं आहे, की स्वतःच्या स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरायची नाही. म्हणजे शिलाई मशीनवर कपडे शिवणारी बाई, रिक्षावाले काका, डबे करणारी माझी आई, हे सगळे कायद्याने ग्राहकच. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आम्ही १९१५ वर तक्रार नोंदवली. सोबत बिल, लेखी नकार, पाटीचा फोटो, सीलचा फोटो आणि माझं रीडिंगचं पान. तीनेक आठवड्यांत कंपनीने मोटर आणि जार बदलून दिले. 'विशेष बाब म्हणून', असं पत्रात लिहून! आईला मिक्सर मिळाला. पण बदलून आलेला जार मी उलटा करून पाहिला. सील तोच, एकाच ओठाचा. म्हणजे आमची तक्रार मिटली, पण दोष तसाच राहिला. आईच्या डब्यांचं काय होणार हा प्रश्न त्या दोन मिलिमीटरच्या कड्यावर अजून लटकलेला आहे. तोवर मी दोन सुटे सील आणून ठेवलेत, आणि यंत्राखाली काळं पाणी दिसलं की त्याच दिवशी जार बाजूला ठेवायचा असं आईला बजावलं आहे.

घेताना काय बघाल?

एक : जार बसवून हाताने हलवून बघा. डुलला तर पुढचं काही बघू नका.
दोन : कपलरच्या वाटीत बोटाने चाचपा. शाफ्टभोवती उंच कडं आणि वाटीच्या सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचं भोक हवं.
तीन : पाटी वाचा. किती मिनिटं चालू, किती बंद, इन्सुलेशनचा वर्ग, आणि आयएस ४२५० चा मार्क आहे का.
चार : वाइंडिंग तांब्याचं आहे का हे विचारा आणि बिलावर लिहून मागा. तोंडी "हो"ला किंमत नाही.
पाच : स्टीलला चुंबक लावून परीक्षा करू नका. महागडं ३०४ आणि स्वस्तातलं २०२, दोन्हींना चुंबक साधारण चिकटत नाही. ग्रेड छापलेला आहे का ते बघा.
सहा : कपलर, सील, ब्रश आणि जार सुटे मिळतात का हे दुकानात नव्हे, दुरुस्तीवाल्याकडे विचारा. तुमच्या गावात कोणत्या मिक्सरचे पार्ट सहज मिळतात ते तोच खरं सांगेल.
सात : कपलर बदलताना ध्यानात ठेवा, आटे असे काढलेले असतात की मोटर फिरताना तो घट्टच होत जातो. त्यामुळे काही यंत्रांत तो नेहमीपेक्षा उलट्या दिशेने सुटतो. आणि आधी प्लग काढा, हे मी सांगायला नको!

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टलही सुरू केलं. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत हा त्यामागचा विचार. चांगलंच आहे. पण दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळाला तरी स्क्रू प्लॅस्टिकमध्ये घुसवलेला असेल तर तो हक्क तिसऱ्यांदा पकडणार नाही.

दोन-तीन वर्षांत आपल्यातले काहीजण अशाच कंपन्यांच्या डिझाइन विभागात बसतील. तिथे एक दिवस कुणीतरी म्हणेल, "सीलचा दुसरा ओठ काढला तर नगामागे दोन रुपये वाचतात." लाखभर नगांचे दोन लाख होतात, आणि समोरचा माणूस सिनिअर असतो. तेव्हा निदान एवढं तरी विचारा, की ते पाणी मग जाणार कुठे?